हजार वर्षांची काच

पडघ्याच्या नाक्यावर रिक्षातून उतरून पूर्वी नावाची केमिस्ट गोदामांच्या रांगेतल्या लॅबकडे निघाली, तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. काम साधंच होतं. डबे बघायचे, तापमान लिहायचं आणि घरी जायचं. श्रावणातली ओल अशी, की भिंतीला हात लावला तर हात भिजावा.

डबे कसले, ते सांगायला हवं. एक कारखाना विषारी कचरा जाळायचा आणि उरलेली राख काचेत वितळवून तिच्या लाद्या करायचा, म्हणजे विष काचेत कोंडलेलं राहील. ती काच दमट हवेत टिकते का, हे तपासणं पूर्वीचं काम. काचेचा तुकडा तारेला टांगायचा, खाली घोटभर पाणी, स्टीलचा डबा घट्ट बंद, आणि अठ्ठावीस दिवस कडक वाफ. काच कच्ची असली तर तिच्यावर पांढरी साल धरते. साल सुटली की विषही सुटतं. लाद्या पुरायच्या होत्या अकलोलीकडच्या एका टेकडीवर. टेकडीखालच्या झऱ्यावर अख्खा पाडा पाणी भरतो. लॅबची झाडलोट करणारी मनिषा त्याच पाड्यावरची.

पूर्वी आत शिरली, तर मालक हरेश सर डबा उघडून बसलेले. आज कुठे आठवा दिवस!

"सर, अजून वीस दिवस आहेत."

"काच बघ की. चकाचक आहे. रिपोर्टमध्ये अठ्ठावीस लिही."

"मी नाही लिहिणार."

"मग मी लिहितो. कारखानेवाल्यांना घाई आहे."

पूर्वीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या बापाने वीतभर बांधासाठी सख्ख्या भावाशी बोलणं टाकलं होतं. आणि इथे हा माणूस एका पाड्याचं पाणी पेनाच्या एका फटकाऱ्यात निकालात काढत होता, तेही पंख्याखाली बसून!

सरांनी लिहिलं. अठ्ठावीस.

टिक्.

आवाज टेबलावरच्या तुकड्यातून आला. पूर्वीने वाकून पाहिलं. क्षणापूर्वी लखलखीत असलेल्या काचेच्या कडेला पांढरी रेघ उमटली होती. ओल्या चुन्यासारखा वास सुटला.

"सर... थांबा..."

सर थांबणारे नव्हते. त्यांनी शेवटची ओळ लिहिली, 'हजार वर्षे सुरक्षित', आणि खाली झोकात सही ठोकली.

मग सगळ्या खोलीतून तो आवाज सुरू झाला, लाह्या फुटाव्यात तसा. बीकर, बाटल्या, खिडकीची तावदानं, सगळं गढूळ होत गेलं. सर चष्मा काढून पुसू लागले. पुसला, परत पुसला. भिंगांचे पांढरे पापुद्रे त्यांच्या शर्टावर पडत होते.

"लाइट गेली का गं? पूर्वी... काहीच दिसत नाही..."

लाइट होती. आणि चष्मा तर त्यांच्या हातात होता.

पूर्वीने त्यांच्या पांढऱ्या पडलेल्या डोळ्यांकडे बघायचं टाळलं. तिने तो कागद ओढला आणि टराटरा फाडला. आवाज थांबला. सर मात्र चाचपडतच राहिले.

ती धावत व्हरांड्यात आली. मनिषा फडकं पिळत होती.

"मनिषा, त्या लाद्या तुमच्या टेकडीवर पुरू द्यायच्या नाहीत. मी येते पाड्यावर, सगळ्यांना सांगते."

मनिषाने फडकं खाली ठेवलं. "ताई, त्या तर कवाच पुरल्या. आठ दिस झाले. आपले सायबच उभे व्हते."

"पुरल्या? मग आम्ही इथे कसली परीक्षा घेत होतो?" पूर्वी ओरडली. तिचा आवाज गोदामभर घुमला. तिला रडू आलं, ते संतापाने.

मनिषाने मनगट पुढे केलं. हिरव्या बांगड्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. पूर्वीने एकीला बोट लावलं, तर तिचा भुगा झाला. गार पाण्यात काचेची अशी गत व्हायला हजार वर्षं लागतात, हे तिच्याइतकं तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं.

"समद्या बायांच्या अशाच झाल्या," मनिषा हळूच म्हणाली. "झऱ्यात हात घातला का साल निघते. काच हाय, जाऊ द्या... पन पोरं तेच पानी पितात ना, ताई. माजी धाकली कालपासनं डोले चोलते. आज मी कामाला निघाले तवा, भर दुपारी, घराचं दार चाचपत व्हती..."