बारावा ठोका

सोमवारपासून मला झोप नव्हती. कारण सांगितलं तर हसाल. माझी चार वर्षांची नेल रोज पहाटे तीनच्या सुमारास भिंतीवर एकदा ठोकायची. एकदाच. टक्. मग गप्प. मी धावत जाऊन बघावं, तर ही गाढ झोपलेली आणि मूठ भिंतीला टेकलेली. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, मुलं झोपेत हातपाय हलवतातच. मी मानसशास्त्राची पदवी घेतली आहे. तिचा उपयोग एवढाच, की घाबरायला मला इतरांपेक्षा चार कारणं जास्त सुचतात.

ठोकायची सवय तिला बापाची. गॅरेट नौदलाच्या टेहळणी विमानावर आहे. विमान सुटायच्या आधी प्रत्येक जण आपला क्रमांक पुकारतो, आणि आमच्या तुकडीत क्रमांकाबरोबर शेजारच्या पत्र्यावर बोटांच्या पेरांनी एक ठोकाही मारतो. आमच्या जेवणाच्या टेबलावरही तेच. बाबा एक, मी दोन, नेल तीन. बाबा जपानला गेल्यापासून त्याचा ठोका नेलच मारते. कुणाचा ठोका राहिलेला तिला सहन होत नाही.

तर, गुरुवार, चौदा नोव्हेंबर. तुकडीला ऐंशी वर्षं होणार म्हणून इतिहासाची पुस्तिका काढायची होती, आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं होतं. एका जुन्या फोटोत विमानापुढे बारा तरुण उभे होते. मागे नावं मात्र अकराच. बारावं विचारायचं म्हणून मी अंधार पडल्यावर अंगण ओलांडून चीफकडे गेले.

चीफ ऑर्विल टॅगर्ट आमचे घरमालक. तुकडीतून कधीच निवृत्त झालेले. मोठं घर आम्हाला भाड्यानं देऊन ते स्वतः परसातल्या खोलीत राहायचे.

"सूप केलंय चीफ, चला. ब्रॉडीही आलाय."

"तो कानफुटका? त्याला ऐकू येईल तरी का माझं?"

ब्रॉडी गॅरेटचा सोबती. कान सुजला म्हणून त्याला विमानात चढू दिलं नव्हतं, आणि सगळे जपानला गेल्यावर तो आमच्या तळाच्या बेटावर एकटाच भटकत होता. नेल झोपली होती. आम्ही तिघं स्वयंपाकघरात बसलो. मी फोटो पुढे ठेवला. चीफनी चमचा खाली ठेवला.

"हा शेवटचा लेनी," ते म्हणाले. "माझ्या ओळखीचा होता. समुद्राचे आवाज ऐकायचं काम करायचा."

"मग याचं नाव का नाही लिहिलं?"

"कारण तो गेला नाही, पोरी. बाकीचे अकरा गेले."

ब्रॉडी हसला. "नशीबवान गडी!"

"त्याचाही कान सुजला होता, लेका."

ब्रॉडीचं हसू तिथंच राहिलं.

"अकरा नोव्हेंबरची रात्र," चीफ सांगू लागले. "अलास्काच्या खालच्या समुद्रावर विमान गेलं. पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी शेवटचा संदेश आला, मग काही नाही. आम्ही शोधायला गेलो. लेनी म्हणाला, कान फुटला तरी चालेल, मी येणार. आम्ही पाण्यात नळकांडी टाकत होतो. वर रेडिओ आणि खाली तारेला लटकणारा कान. लेनी ऐकत बसला. पहिली रात्र, काही नाही. दुसरी, काही नाही. तिसरी, काही नाही."

"चौथ्या रात्री?" मी विचारलं.

"चौथ्या रात्री... ठोके."

बाहेर वारा होता. खाडीवरून येतो तो. खिडकीची काच थरथरत होती.

"पत्र्यावर पेरांनी मारलेले. त्यानं मोजले. अकरा. मग एका ठोक्याएवढी जागा रिकामी. मग पुन्हा अकरा. पुन्हा जागा."

"जिवंत होते?" ब्रॉडीनं विचारलं.

"खाली चार हजार मीटर पाणी होतं, बाळा. आणि चार दिवस झाले होते."

ब्रॉडीनं फोटो स्वतःकडे ओढला.

"ते त्याच्यासाठी थांबले होते. हजेरी पुरी झाल्याशिवाय आपलं विमान हलत नाही, ही तुकडीची रीत. लेनीला सगळं कळत होतं. तरी हात उठला. सवय, दुसरं काय! त्यानं समोरच्या पत्र्यावर मारला एक. टक्."

"मग?"

"मग शांत. एकदम. त्याला वाटलं, सुटलो." चीफनी हात टेबलाखाली घेतले. "पण ज्यानं एकदा हजेरी दिली, त्याला ते दर वर्षी विचारतात. अकरा तारखेपासून चार रात्री. तो झोपेल त्या खोलीच्या भिंतीत. अकरा ठोके आणि एक जागा. त्यानं पुन्हा कधीच उत्तर दिलं नाही. कानांवर उशी दाबून पडायचा. शेवटी ती खोलीच सोडली त्यानं. ते मागोमाग आले, आणि ती भिंतही सोडली नाही त्यांनी."

"कुठली खोली?"

चीफनी घराच्या मागच्या बाजूकडे बोट केलं.

"पोरी, मागच्या खोलीत अडगळ ठेवा म्हणालो होतो. अडगळच आहे ना तिथं?"

ती खोली घरात सगळ्यांत ऊबदार. माझ्या खोलीला लागून. शहाण्या आईसारखा विचार करून मी पोरीला तिथंच निजवली होती.

"नेल..." मी म्हणाले. "नेल झोपते तिथं. आणि... ती ठोकते, चीफ. सोमवारपासून. रात्री एकदा."

त्यांचा चेहरा राखेसारखा झाला.

"किती रात्री?"

"तीन."

"आज चौथी," ते म्हणाले. मग उठले. "खोली बदलून उपयोग नाही, तिनं उत्तर दिलंय. पलंग भिंतीपासून लांब घे. तिचा हात तुझ्या हातात ठेव. काही झालं तरी सोडू नकोस. बाकीचं... बाकीचं मी बघतो."

"तुम्ही काय बघणार?"

ते अंगणात उतरले. त्यांच्या खोलीतला दिवा लागलेला दिसला.

ब्रॉडी बाहेर कोचावर आडवा झाला. मी नेलला कुशीत घेऊन जमिनीवर गादी टाकली, त्या भिंतीपासून सहा हात दूर. स्वतःला बजावलं, म्हातारा माणूस, थंडीत आखडणारे पाइप, माझं जागरण. पदवी आठवली. तरी तिचे दोन्ही हात घट्ट धरले.

तीन वाजले. काही नाही. तीन वाजून पाच. काही नाही.

तीन दहा.

टक्.

भिंतीत. आतून.

दोन. तीन. चार. घाई नाही. पाच. सहा. नेल हलली. सात. डोळे मिटलेलेच. आठ. तिची मूठ माझ्या हातात वळली. नऊ. तिच्यात एवढा जोर कुठून आला... दहा. मी तिच्यावर पालथी पडले.

अकरा.

मग ती जागा.

तिचा हात सुटला. मी पकडला. पुन्हा सुटला. मी ओरडत होते बहुतेक. आवाज फुटत नव्हता.

...

टक्.

नेलचा हात माझ्या हातात होता. दोन्ही हात.

मग काही नाही. वारासुद्धा नाही.

सकाळी ब्रॉडीनं चीफचं दार उघडलं. ते खुर्चीत होते, भिंतीकडे तोंड करून. डॉक्टर म्हणाले, रात्रीच कधीतरी, हृदय थांबलं. उजव्या हाताची पेरं सोलली होती. अंगावरचे कपडे इस्त्री केलेले, कोरडे. तुकडीचा जुना गणवेश. खिशात त्या उड्डाणाची यादी, चौघडी घातलेली. अकरा नावं टाइप केलेली. बारावं पेन्सिलीनं खोडलेलं, आणि त्याच्यापुढे नव्या शाईनं पुन्हा लिहिलेलं. टॅगर्ट. त्यात लेनी कुणी नव्हताच.

मी घरी येऊन नेलच्या खोलीत गेले. पलंग जिथे असायचा, तिथे भिंतीवर मोठ्या माणसाच्या मुठीएवढा पांढरा डाग होता. बोट लावलं. जिभेला टेकवलं. मीठ.

नेल दारात उभी होती, हातात दुधाचा पेला घेऊन. तिला काय आणि कसं सांगायचं, याची वाक्यं मी मनात जुळवत होते. आजोबा लांब गेले. आजोबा दमले होते.

तिनं डागाकडे पाहिलं, दुधाचा घोट घेतला आणि विचारलं,

"आई, रात्री चीफआजोबा इतके ओले का होते?"