डाग नव्हे, वजन

"हा पंखा तोलला कोणी?"

आत शिरलेल्या माणसाने आपलं छोटं विमान थेट तिच्या टेबलावर आदळलं. ओळख ना पाळख!

"मी," ती म्हणाली.

"मग कठीणच आहे. उडताना असं थरथरलं, की नाकाचे स्क्रू गळून पडले."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मामांच्या दुकानात चार वर्षं हौशी लोकांच्या रिमोटवरच्या विमानांचे पंखे तीच तोलत होती, दोन्ही पाती सारख्या वजनाची करून देत होती. आजवर एकही परत आला नव्हता. पलीकडून मामांनी चष्मा वर केला. "तक्रारी यायला लागल्या तर टेबल सोडायचं आणि काउंटरवर बसायचं," ते म्हणाले. मामा बोलले की करत.

तिने पंखा सळईवर चढवला. एक पातं झपकन खाली गेलं. तिचा चेहरा उतरला... मग तिने वर गेलेलं पातं निरखलं.

"इथला लाल थेंब कुठे गेला?"

"नेलपॉलिशचा डाग? खरवडला मी. दातांचा डॉक्टर आहे, डाग दिसला की हात गप्प बसत नाही."

"डाग? अहो, वजन होतं ते! हलक्या पात्याला मुद्दाम दिलेलं! आणि नाकावरच्या टोपीत चिकटवलेली मातीची गोळी?"

"ती... मला कीड वाटली."

मामा फिस्सकन हसले. डॉक्टर कानापर्यंत लाल झाला. ती मात्र हसली नाही. रागारागाने तिने नवा थेंब लावला, नवी गोळी बसवली, आणि तो श्वास रोखून तिच्या बोटांकडे पाहत राहिला — पंख्याकडे नव्हे, हे तिच्या लक्षात आलं होतं.

दहा दिवसांनी स्वारी पुन्हा हजर. तोच पंखा. थेंब गायब!

"दुसरी तक्रार," मामा गरजले. "उद्यापासून काउंटर!"

संतापाने तिचे डोळे भरून आले. "मामा, थेंब ह्यांनीच —"

"हो, मीच खरवडला," तो घाईघाईने म्हणाला. "ह्यांच्या कामात काडीची खोट नाही, मामा. मला... परत यायला निमित्त हवं होतं."

मामांना एकदम आतल्या खोलीतलं काम आठवलं.

"लाज नाही वाटत?" ती कडाडली. "तुमच्या निमित्तापायी माझं टेबल जात होतं! बोलायला तोंड नव्हतं? दिवसभर लोकांची तोंडं उघडता ना!"

"लोकांची उघडतो. तुमच्यासमोर माझंच उघडत नाही... तुम्ही मला आवडता. फार."

ओठांवर येऊ पाहणाऱ्या हसण्याचा तिला भयंकर राग आला. तिने पंखा त्याच्या हातात कोंबला.

"तोलून मिळणार नाही आज. उद्या संध्याकाळी या," ती फणकारली. "आणि काहीही न बिघडवता या. मी तशीही भेटते!"