लेखनिक कमी शिकलेला असावा

विस्मरण-कक्षाचा दिवा हिरव्याचा पिवळा झाला, तेव्हा कोऱ्याला 'तडा' हा शब्द अजून माहीत होता. पिवळ्याचा लाल झाला, तेव्हा नव्हता.

डॉ. सुनेत्रा वाघोलीकर यांनी पडद्यावर खात्री करून घेतली आणि शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या चारुशीला दुधगावकरला सांगितले, "गेला."

"आणि मोडणं?"

"तेही."

"लहान-मोठं?"

"ते तर सगळ्यात आधी जातं गं. तुझ्या विषयात त्याच्याशिवाय पान हलत नाही."

चारुशीला जन्मापासून अंध होती. गोदातीर विज्ञान विद्यापीठात ती पदार्थांना जाणाऱ्या तड्यांवर संशोधन करत होती. तडा कसा वाढतो, याचे गणित जगाला बऱ्यापैकी ठाऊक होते. वाढता वाढता तो मध्येच का थांबतो, हे ठाऊक नव्हते. चारुशीलाला ते सापडले होते, असे तिचे म्हणणे होते. विद्यापीठाचे म्हणणे एवढेच होते की, तिने ते तीन तासांत, शाईने, कागदावर सिद्ध करून दाखवावे.

परीक्षेत यंत्रांचा सुळसुळाट झाल्यापासून सगळ्यांनाच हाताने लिहिणे सक्तीचे झाले होते. हाताने कसे लिहितात हे जग एव्हाना विसरले असल्याने पहिल्या वर्षाला त्याचे वेगळे वर्ग भरत. ज्यांना लिहिता येत नसे, त्यांना लेखनिक मिळे. माणसांमध्ये लेखनिक उरले नव्हते, म्हणून डॉ. वाघोलीकरांनी कोरा घडवला होता. एक कान, एक डोळा, एक आवाज आणि पेन धरणारा एक हात. कोऱ्याला जगातली सगळी पुस्तके पाठ होती आणि तीच अडचण होती. लेखनिक उमेदवारापेक्षा कमी शिकलेला असावा, हा नियम फार जुना. आणि तो नसता तर परीक्षा उमेदवाराची की लेखनिकाची, हा प्रश्नच आला असता. तेव्हा दर परीक्षेआधी कोऱ्याच्या डोक्यातून उमेदवाराचा विषय पुसायचा, असे ठरले.

ही सोय अपंग विद्यार्थ्यांसाठी होती. तिच्या उद्घाटनाला भाषणे झाली होती. त्याच कार्यक्रमात परीक्षा भवनाला चाकाच्या खुर्चीसाठी बांधलेल्या उतरणीची फीतही कापून घेतली होती, आणि कापायला चारुशीलाला बोलावले होते. ती पायऱ्यांनी चढून गेली, हे कोणाच्या लक्षात आले नव्हते.

"मॅडम, फक्त तडे पुसता येत नाहीत का?" तिने विचारले. विचारण्याची ही पहिली वेळ नव्हती.

"ज्ञान कप्प्यांत ठेवलेलं असतं तर आले असते. ते विणलेलं असतं. 'तडा' पुसला आणि 'मोडणं' ठेवलं, तर पाच मिनिटांत तो 'तडा' पुन्हा शोधून काढतो. म्हणून मोडणं पुसायचं. मग 'एकाचे दोन' पुसायचं. जिथून जिथून तुझ्या विषयाकडे वाट जाते, ती प्रत्येक वाट बंद करायची. पहिल्या वर्षाचा मुलगा असला तर थोडंच जातं. गेल्या महिन्यात इतिहासाच्या एका मुलीसाठी पुसला, तर त्याला 'काल' समजेना. बिचारी उत्तर सांगायच्या आधी काल म्हणजे काय, हे सांगत बसली."

"म्हणजे उमेदवार जितका शिकलेला, तितका लेखनिक अडाणी."

"प्रमाण अगदी सरळ आहे," डॉ. वाघोलीकर म्हणाल्या. त्यांच्या आवाजात अभिमान आणि शरम सारख्याच प्रमाणात होती.

चारुशीला दोनदा नापास झाली होती. दोन्ही वेळा कारण एकच, उत्तर अपूर्ण. अंध विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या जादा वेळासकट सगळा वेळ कोऱ्याला एकाचे दोन कसे होतात ते शिकवण्यात गेला होता. त्याला जे कळत नाही, त्याची आकृती तो काढू शकत नसे. दुसऱ्या खेपेला तर तो इतका छान शिकला होता की, घंटा झाली तेव्हा ती सिद्धतेच्या उंबरठ्यावर होती. संध्याकाळी त्याला पुन्हा पुसले. आता तिसरी खेप, आणि शेवटची. त्यानंतर तिची नोंदणी रद्द होणार होती.

आजची पुसणी सरावासाठी होती. तिने पिशवीतून एक कच्चा उडदाचा पापड काढला आणि यंत्राकडे तोंड केले.

"कोऱ्या, तुटणं म्हणजे काय, माहीत आहे?"

"माहीत नाही," कोरा म्हणाला.

"छान. इथून सुरुवात करता येते. हा आवाज ऐक." तिने पापड मोडला.

"एक आवाज झाला," कोरा म्हणाला. "आधी काय होतं?"

"'आधी' शिल्लक आहे वाटतं त्याच्याकडे," चारुशीला म्हणाली.

डॉ. वाघोलीकरांनी घाईने एक कळ दाबली. "राहिलं होतं. आता गेलं."

चारुशीला पापडाच्या तुकड्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. हे तिचे जुने चाळे होते. आईने लाटलेले पापड ती लहानपणी मोडायची, आणि चीर जिथे थांबायची तिथे तिच्या बोटाला काहीतरी लागायचे. एवढ्यावरून पुढे नऊ वर्षांचे काम उभे राहिले होते.

"मॅडम, नियमाचे शब्द काय आहेत? नेमके?"

"परीक्षेच्या विषयात लेखनिकाचं ज्ञान उमेदवाराच्या ज्ञानापेक्षा कमी असावं. आरंभी आणि अखेरीसही. अखेरीस का, तर उत्तरं शिकलेला लेखनिक पुढच्या उमेदवाराकडे जाऊ नये. दोन्ही वेळा ज्ञानतुला लावायची."

ज्ञानतुला हेही त्यांचेच यंत्र. त्या दिवशीचा प्रश्न ते आधी लेखनिकाला विचारी. लेखनिकाला उत्तर आले, तर तो अपात्र.

"आणि माझ्या परीक्षेत प्रश्न किती?"

"एकच. 'आपला सिद्धान्त मांडा व सिद्ध करा.'"

"मग न पुसलेल्या कोऱ्याला तुम्ही तो विचारून पाहिलाय?"

डॉ. वाघोलीकर पडद्याकडे वळल्या. त्यांनी दिवा लालवरून पुन्हा हिरव्यावर आणला. कोऱ्याच्या डोक्यात जगातली सगळी पुस्तके परत आली. मग त्यांनी ज्ञानतुला लावली. ज्याने सगळे वाचले होते त्या यंत्राने क्षणभर शोध घेतला.

"दुधगावकर यांचा सिद्धान्त मला ज्ञात नाही," कोरा म्हणाला. "तो कुठेही छापलेला नाही."

"दोन वर्षं मी त्याला पुसतेय," डॉ. वाघोलीकर हळूच म्हणाल्या. "कशासाठी पुसतेय, हे कोणी विचारलंच नाही."

"कारण मला जे येतं, ते कुठल्यातरी पुस्तकातलंच असणार, हे सगळ्यांनी धरून चाललं," चारुशीला म्हणाली. "मीसुद्धा."

•

परीक्षा नियंत्रक डॉ. अच्युत केळुस्कर हे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते आणि चारुशीलाचे एकमेव परीक्षकही. दुसरा परीक्षक नेमायचा होता, पण समितीची बैठक व्हायची होती. माणूस वाईट नव्हता. अपंग विद्यार्थ्यांशी ते नेहमी थोड्या मोठ्या आवाजात आणि सावकाश बोलत.

"या, बसा. खुर्ची तुमच्या डाव्या हाताला आहे."

"हो सर. मागच्या वेळी तिथेच होती."

त्यांनी तिचे म्हणणे ऐकून घेतले. मग चष्मा काढून पुसला.

"थोडक्यात, जे तुम्हाला येतं ते जगातल्या एकाही यंत्राला येत नाही, असं तुमचं म्हणणं."

"त्यालाच संशोधन म्हणतात ना सर?"

"तत्त्वतः हो," केळुस्कर म्हणाले. "पण प्रत्यक्षात असं कोणी म्हणत नाही. तुमच्या आधी इथे शेकडो संशोधक पास झाले. कोणीही असा दावा केला नाही."

"त्यांना लेखनिक लागत नव्हता सर."

केळुस्करांनी खिडकीबाहेरच्या उतरणीकडे पाहिले. "आम्ही तुमच्यासाठी इतकं करतो. बाहेर लोक म्हणतील, सगळं जाणणारं यंत्र हिच्या हाताशी दिलं आणि पास केलं. ते तुम्हालाच लागेल."

"लागेल. पण सर, मला सवलत नकोय. नियम हवाय. तुला लावा. यंत्राला उत्तर आलं तर मी आत्ता घरी जाते, परभणीची गाडी चारची आहे."

तुला लावली गेली. यंत्राला उत्तर आले नाही. केळुस्करांनी नियम पुन्हा वाचला. त्यात कोऱ्याला अडवणारे काही सापडले नाही, तेव्हा त्यांनी परवानगी दिली. "शेवटी मात्र पुन्हा ज्ञानतुला लागेल," ते म्हणाले. "तेव्हाही तो कमीच जाणत असला पाहिजे. नाहीतर उत्तरपत्रिका बाद."

•

परीक्षा भवनाच्या बंद खोलीत चारुशीला आणि कोरा समोरासमोर होते. देखरेखीला डॉ. वाघोलीकर.

या वेळी तिला लहान-मोठे शिकवावे लागले नाही. ती बोलत गेली आणि पेन कागदावर सरसर चालत राहिले. ती आकृतीचे वर्णन अर्ध्यात सोडे, तोवर आकृती झालेली असे. नऊ वर्षे तिने हे सगळे एकटीने डोक्यात वागवले होते. मार्गदर्शकच प्रबंध लिहून देतात असा एकेकाळी बोभाटा झाल्यापासून मार्गदर्शकाला सिद्धता आधी ऐकायची बंदी होती. तेव्हा ती हे पहिल्यांदाच कोणाला तरी सांगत होती, आणि ऐकणाऱ्याला ते कळत होते.

शेवटच्या पायरीआधी पेन थांबले.

"पुढे काय येणार, ते मला दिसतंय," कोरा म्हणाला. "वस्तू घडताना तिच्यावर जो जोर पडतो, त्याची खूण तिच्या पोटात राहते. तडा त्या खुणेपाशी थांबतो. म्हणजे तो कुठे थांबणार, हे वस्तू मोडायच्या आधीच, घडतानाच ठरलेलं असतं."

"कसं वाटलं?" चारुशीलाने विचारले.

"हे कुठल्याच पुस्तकात नाही. सोपं आहे. सोपं असूनही नाही." मग तो म्हणाला, "पण आता मला उत्तर येतं. अखेरीस ज्ञानतुला लागेल, तेव्हा मी अपात्र ठरेन."

तिच्या हे लक्षातच आले नव्हते. ज्याला कळते तो लेखनिक चालत नाही, आणि ज्याला कळत नाही त्याला लिहिता येत नाही. डॉ. वाघोलीकर खुर्चीतून अर्धवट उठल्या.

"पुसण्याला नियमात बंदी आहे का?" कोऱ्याने विचारले.

"बंदी कसली," डॉ. वाघोलीकर म्हणाल्या. "विद्यापीठाची मान्यताप्राप्त पद्धत आहे ती."

"मग शेवटची ओळ लिहून झाली की मला पुसा. तुलेच्या आधी."

"अख्खा विषय जाईल," चारुशीला म्हणाली. "आधी, नंतर, मोडणं, सगळं. आणि हेही."

"हो. इतरांची पुस्तकं मला परत देता येतील. हे देता येणार नाही. उत्तरपत्रिका यंत्राला दाखवायला बंदी आहे." कोऱ्याने ओळ लिहिली. "वेळ शिल्लक आहे. पुसायच्या आधी एकदा पहिल्यापासून वाचून दाखवू? तपासायला म्हणून."

"वाच," ती म्हणाली.

त्याने सगळे वाचले. एकही चूक निघाली नाही. मग डॉ. वाघोलीकरांनी त्याला विस्मरण-कक्षात नेले. दिवा हिरव्याचा पिवळा झाला आणि पिवळ्याचा लाल.

तुलेने प्रश्न विचारला.

"माहीत नाही," कोरा म्हणाला.

•

निकाल लागायला उशीर होत गेला. पंधरवडा उलटल्यावर केळुस्कर डॉ. वाघोलीकरांच्या प्रयोगशाळेत आले आणि इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर त्यांनी विचारले, "कोऱ्याला त्या पेपरातलं काही आठवत असेल का हो?"

"नाही सर. नियमानुसार पुसलाय."

"बरं केलंत," केळुस्कर म्हणाले आणि थोडा वेळ तिथेच उभे राहिले.

त्याच संध्याकाळी ते मुलींच्या वसतिगृहाच्या भेटीच्या खोलीत येऊन बसले. मांडीवर उत्तरपत्रिका होती. चारुशीला आली, तेव्हा ते उठून उभे राहिले. उठल्याचे तिला ऐकू आले. असे ते पूर्वी कधी उठले नव्हते.

"नापास करायचं तर चूक दाखवावी लागते," ते म्हणाले. आज त्यांचा आवाज मोठा नव्हता. "मला चूक सापडत नाही. पास करायचं तर समजलं असं लिहून द्यावं लागतं. चौथ्या पानानंतर मला समजत नाही. परीक्षकाचं ज्ञान उमेदवारापेक्षा कमी नसावं, असाही नियम आहे. तो आजवर कोणी तुलेवर लावून पाहिला नाही, एवढंच."

"आणि उमेदवाराने परीक्षकाला शिकवायला बंदी आहे का सर?"

"शोधली. कुठेच नाही. तशी वेळ येईल, असं कोणाला वाटलंच नसावं."

चारुशीला आत जाऊन आली. तिच्या हातात उडदाचा पापड होता. तो तिने त्यांच्या हातात ठेवला.

"डोळे मिटा सर."

"मिटले."

तिने खात्री करून घेतली नाही. "मोडा. सावकाश. चीर जिथे थांबेल, तिथे बोट ठेवा. आता सांगा, तुटणं म्हणजे काय?"

पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांनी बराच वेळ बोट हलवले नाही. उत्तर त्यांना पाठ होते आणि ते त्यांनीच लिहिलेल्या पाठ्यपुस्तकात छापलेले होते. बोटाखाली मात्र दुसरेच काहीतरी लागत होते.

"माहीत नाही," ते म्हणाले.

"छान," चारुशीला म्हणाली. "इथून सुरुवात करता येते."