तीनशे दहा वॅट

भीमराव गजभिये यांच्या घरातून भुतंखेतं छप्पन साली, धम्मदीक्षेबरोबर जी बाहेर पडली, ती पुन्हा फिरकली नाहीत. शिवाय भीमरावांची सगळी नोकरी वीज खात्यात, मीटर तपासण्यात गेलेली. "घर महिनाभर बंद होतं, तरी एवढं बिल कसं?" म्हणून कुणी भांडायला आलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "मीटर खोटं बोलत नाही. घरात काहीतरी चालू असणारच." अशा माणसाच्या वाट्याला हे यावं, याचंच नवल वाटतं.

त्या बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला ते मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीत आपली गाडी घेऊन आले. गाडी म्हणजे जुना सतरा आसनी टेम्पो. आसनं काढून आत पलंग, छोटा फ्रिज, पंखा असा संसार मांडलेला. हा सगळा खटाटोप बायकोसाठी, शालनबाईंसाठी होता. त्यांची फुप्फुसं अधू झाली होती. ऑक्सिजनच्या मशीनची नळी नाकातून काढली की पंधरा मिनिटांत ओठ निळे पडत. त्यामुळे चार वर्षं नागपूरला जाणं नाही, की तिथल्या थोरल्या बहिणीची भेट नाही. बहीण आता पंच्याऐंशीची. वाटेत मुक्काम कुठेही पडो, मशीन चालत राहायला हवं, आणि त्यासाठी गाडीत भरवशाचा इन्व्हर्टर हवा.

दुकानदार गोपाळकृष्ण साठे यांनी मान वर न करताच विचारलं, "लोड किती?"

"मशीन तीनशे दहा वॅट. फ्रिज, पंखा मिळून शंभर. आणि प्युअर साइन वेव्हच पाहिजे. साध्या इन्व्हर्टरवर मशीन कुरकुर करतं."

"सगळं ठाऊक आहे, मग आमच्याकडे कशाला आलात?" म्हणत साठ्यांनी एक खोका उचलला. तोंडाने फटकळ, पण माणूस कामाचा. "आधी गाडीत लावून बघू. न बघता नेणारे नंतर भांडायला येतात."

बॅटरी जोडली, शालनबाईंचं मशीन लावलं. पडद्यावर आकडा आला, ३१०. बॅकअप पाच तास. भीमरावांचा जीव भांड्यात पडला.

"आता सगळं बंद करा," साठे म्हणाले. "शून्य दाखवतोय का बघू."

शालनबाईंनी नळी काढली. मशीन बंद झालं, भीमरावांनी पिनही उपसून हातात घेतली. गाडीत एकदम शांत झालं. घरघरीला सरावलेल्या कानांना ती शांतता जड वाटली.

आकडा ३१०च होता.

"डिस्प्ले गंडलाय," साठे म्हणाले आणि त्यांनी दुसरा, नवाकोरा खोका फोडला. त्यावरही ३१०. भीमरावांनी वायरीतून जाणारी वीज मोजायचा आपला जुना क्लॅम्प मीटर काढून बॅटरीच्या वायरीला लावला. सव्वीस अँपिअर जात होते. कुठे जात होते? प्लग रिकामे, पंखा बंद, फ्रिज बंद. वायर मात्र हाताला गरम लागत होती, आणि ओल्या कपड्यावर इस्त्री फिरवल्यासारखा वास सुटला होता.

"काहीतरी चालू असणारच," भीमराव पुटपुटले, आणि आपलंच वाक्य त्यांना बोचलं. दोघांनी मिळून एकेक वायर पुन्हा तपासली.

"अहो..." शालनबाई पलंगावर उठून बसल्या होत्या. "नळी काढून अर्धा तास झाला ना?"

झाला होता. आकड्याच्या नादात भीमराव बायकोला विसरले होते! ते धडपडत तिच्यापाशी गेले. पण ओठ गुलाबी होते. बोटाला लावलेल्या चिमट्यावर ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव दाखवत होता. मशीन लावूनही तो कधी त्र्याण्णवच्या वर गेला नव्हता.

"इतकं मोकळं कधीच वाटलं नाही," त्या हलकेच म्हणाल्या. "मी श्वास घेतच नाहीये जणू... कुणीतरी देतंय."

साठ्यांनी हात लांब करून इन्व्हर्टर बंद केला. चिमट्यावर नव्वद झाले. मग एक्याऐंशी.

"काहून... बंद केलं...?" शालनबाईंचे डोळे पांढरे होऊ लागले.

"लावा! लावा म्हणतो ना!" भीमराव ओरडले. साठ्यांनी बटण दाबलं. अठ्ठ्याण्णव.

बाहेर हमालांचा आरडाओरडा चालू होता.

"गजभिये, हा मी विकणार नाही," शेवटी साठे हळू आवाजात म्हणाले. "मला न कळलेली वस्तू मी विकत नाही."

"मला तरी कुठे कळली?" भीमराव शालनबाईंजवळ बसले. त्यांना रडू येत होतं, आनंदाने की भीतीने, ते त्यांना सांगता आलं नसतं. "पण ही नागपूरला पोचेल, साठे. याहून मोठा द्या. बॅटऱ्या दोन द्या..."

तेवढ्यात आकडा हलला. ६२०. बॅकअप अडीच तास.

"आता काय लावलंत?"

"काही नाही... मी फक्त हिच्याजवळ बसलो."

भीमराव उठले आणि गाडीतून खाली उतरले. आतून साठ्यांनी आकडा वाचला, "तीनशे दहा." भीमरावांना ते ऐकू आलं, पण उत्तर देता येईना. श्वास गळ्यापर्यंत येऊन अडत होता. सदुसष्ट वर्षांत कधी साधा दमा झाला नव्हता. तरी त्यांच्या मनात एकच होतं, हिच्या वाटणीचे पाच तास आपण खायचे नाहीत. ते गाडीपासून चार पावलं दूर गेले. पाचव्याला गुडघे वाकले. साठे खाली उडी मारून धावले, त्यांनी काखेत हात घालून भीमरावांना उचललं आणि दाराशी आणलं.

"वर या," शालनबाईंनी हात पुढे केला. "अडीच तास तर अडीच तास. दोघं मिळून वापरू."

त्या हाताला धरून भीमराव वर चढले. छातीत हवा शिरली. त्यांनी डोळे पुसून पडद्याकडे पाहिलं. तिथे ९३० होते. एक तास चाळीस मिनिटं.

साठे दारात उभे होते, एक पाय रस्त्यावर, एक गाडीच्या पायरीवर. त्यांनीही आकडा पाहिला. पायरीवरचा पाय खाली घ्यायला त्यांनी उचलला, छातीला हात लावला, आणि पाय पुन्हा होता तिथेच ठेवला.