काळ्याची चाल

लोणखेड्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारी शीला ऑनलाइन बुद्धिबळही माहेरच्या रीतीनं खेळायची. लॅपटॉपशेजारी लाकडी पट मांडायचा, पलीकडे रिकामी खुर्ची आणि पाण्याचा तांब्या ठेवायचा. पडद्यावर चाल झाली की तीच पटावर लावायची, स्वतःची आणि समोरच्याचीही.

"पानी कोनले ठी ऱ्हायनी व?" सासूबाई मंगलाबाई दारातून म्हणाल्या. "तो ते नवापूरले बठेल शे."

"समोरला खेळाडू म्हंजे पाहुनाच शे, माय."

"मंग चहा बी ठेव. नई ते तोंड वाकडं करी."

दार ओढून घेत त्या गेल्या. रविवारची दुपार होती. पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्याकडून वारा सुटला की मळीचा आंबूस वास खिडकीतून आत येई.

आज जिल्हा स्पर्धेचा अंतिम डाव होता. गेल्या वर्षी ती जिंकली तेव्हा कुजबूज झाली होती, बाईंना कॉम्प्युटर चाली सांगतो म्हणून. त्यामुळे या वेळी तिनं स्वतःच बाजूला दुसरा कॅमेरा लावून घेतला. पंच प्रिस्किला नंदुरबारहून त्यातून पाहत होती. पटाला परवानगी होती, पण एका अटीवर: झालेल्याच चाली लावायच्या.

पांढरी मोहरी शीलाची, काळी नवापूरच्या दानियलची.

डाव रंगात आला तेव्हा तिचं पटाकडे लक्ष गेलं. काळा उंट तिरका सरकलेला होता. पडद्यावर तो अजून जागेवरच होता. धक्का लागला असेल. तिनं तो मागे ठेवला. थोड्या वेळानं दानियलनं नेमकी तीच चाल केली.

एकदा घडलेल्यावरून ती निष्कर्ष काढत नसे. तिनं हात मांडीवर घेतले आणि पडद्याकडेच बघत राहिली. लाकडावर लाकूड टेकल्याचा आवाज आला. पटावरचा काळा घोडा पुढे आला होता. मग पडद्यावरचा घोडाही त्याच घरात उतरला.

"मॅडम," प्रिस्किलाचा आवाज आला, "पटावर चाल आधीच लागलेली दिसतेय. पुन्हा झालं तर डाव जाईल."

"पुन्हा होणार नाही."

बोलताबोलता तिच्या लक्षात आलं, की नुसतं पटाकडे पाहत राहिलं तरी दानियलची प्रत्येक चाल आधी कळेल. आणि मग गेल्या वर्षीची कुजबूज खरी ठरेल. तिचे कान तापले. तिनं आपल्या खुर्चीच्या पाठीवरचा पंचा ओढून सगळा पट झाकला.

"मान तुमचा," ती पलीकडे न बघता पुटपुटली, "पण डाव माझा आहे."

पंच्याखाली टक् वाजलं.

तिनं पाहिलं नाही.

पुन्हा टक्. या वेळी जरा जोरात.

पडद्यावर दानियलच्या हत्तीनं तिचा वजीर घेतला. तिनंच तो घेऊ दिला होता.

तिचं प्यादं एक घर पुढे सरकलं. शह. काळ्या राजाला जायला घर उरलं नव्हतं.

प्यादेमात.

"अभिनंदन मॅडम, सुंदर डाव," दानियलनं लिहिलं.

"धन्यवाद. तुम्हीही चांगले लढलात."

"डाव स्वच्छ," प्रिस्किला म्हणाली. "आता बोलू दे कोणाला काय बोलायचंय ते."

कॅमेरा बंद झाला. शीला ताठ मानेनं उठली आणि तिनं पंचा उचलला.

पट नव्यानं मांडलेला होता. काळी मोहरी तिच्या बाजूला, पांढरी पलीकडे. राजापुढचं पांढरं प्यादं दोन घरं पुढे आलं होतं, आणि अजून किंचित डोलत होतं.