अहो, श्वास घ्या

"…आवाज आईचाच होता गं, त्यात शंकाच नाही. पण तो फोटो काढणारा म्हणाला, की आत अजून कुणीतरी…"

एवढं ऐकू आलं आणि दार लागलं.

बोलत होती सलूनवाल्या मामांची लेक. जिन्यात उभी राहून फोनवर कुणा मैत्रिणीला सांगत होती. आता जिन्यातून वर जाणाऱ्या माणसानं कान काढून खिशात तर ठेवायचे नसतात ना? तेव्हा ऐकू आलं ते आलं. बरं, ऐकणारे आपण एकटेच नव्हतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्या अर्ध्या वाक्याला हातपाय फुटले होते. दूधवाला म्हणाला, मामी परदेशातल्या दवाखान्यात अडकून पडल्यात. इस्त्रीवाली म्हणाली, अडकल्यात काय, त्या मशीनमधून रोज रात्री नवऱ्याला हाका मारतात.

तर पोरांनो, खरं काय झालं ते ऐका. सरका जरा, ती भिंतीची बाजू गुडघेदुखीवाल्याला द्या. जिन्यातला दिवा असू द्या चालू, नंतर कुणीतरी उठून लावणारच आहे. आणि हे ऐकीव नाही बरं का. खुद्द मामांनी सांगितलेलं आहे. गिऱ्हाईक खुर्चीत, मानेवर वस्तरा, म्हणजे विचारणाऱ्याला पळून जायची सोय नाही, अशा वेळी सांगितलेलं.

मामांना तुम्ही ओळखताच. चाळीस वर्षं खुर्चीमागे उभं राहून लोकांच्या माना धरल्या. दिवसातून शंभरदा एकच वाक्य, "मान हलवू नका." आणि स्वतः? स्वतः दोन मिनिटं गप्प बसतील तर शपथ. पाय हलणार, बोटं हलणार, तोंड तर हलणारच. कुणीही काही म्हटलं की यांचं उत्तर तयार. रेडिओवर बातम्या लागल्या तरी मामा कात्री थांबवून म्हणायचे, "हो का? कठीण आहे." मामी मागच्या खोलीत गरम टॉवेल पिळत असायची, ती तिथूनच ओरडायची, "अहो, तो तुमच्याशी नाही बोलत!"

दोन वर्षांपूर्वी मामांची पाठ धरली. दोन खांद्यांच्या मधे, मणक्यात. इथल्या डॉक्टरांना तिथं एक डाग दिसला. ते म्हणाले, परदेशात एक मोठे डॉक्टर आहेत, मणक्यातलेच जाणकार, त्यांना दाखवा. मग काय, नवराबायको आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसली.

तिकडचा दवाखाना म्हणजे जमिनीवर पिवळी रेघ काढलेली. रेघ धरून चालायचं, लिफ्टनं तळघरात उतरायचं, तिथं सीटी स्कॅन. दिवसभर तिथल्या रोग्यांची गर्दी, म्हणून बाहेरून आलेल्यांना रात्रीची वेळ. स्कॅन करणारा उंच, चष्मेवाला, शांत माणूस. मामांच्या भाषेत तो 'फोटोवाला'. यांची भाषा त्याला येत नाही, त्याची यांना येत नाही.

मामा त्या सरकत्या फळीवर आडवे झाले. फळी त्या मोठ्या गोल कड्यातून आत गेली. आणि मशीनमधून तिकडच्या भाषेत एक बाई काहीतरी बोलली. 'श्वास घ्या, थांबा' असलंच असणार. पण आपले मामा! कुणी बोललं आणि उत्तर दिलं नाही असं कधी झालंय? त्यांनी मान उचलली, "काय म्हणालात?"

फोटो बिघडला. परत केला. परत बाई बोलली. परत मामा, "मला म्हणताय का?"

शेवटी फोटोवाल्यानं मामीला शिशाचा जड एप्रन घातला आणि आत उभं केलं. मामीनं यांच्या डाव्या खांद्यावर हात ठेवला, चांगला दाबून. दुकानात एखादं पोर चुळबुळ करायला लागलं की ती तसाच ठेवायची. म्हणाली, "अहो, आता हललात ना, तर इथंच ठेवून जाईन."

मामा हलले नाहीत. पण फोटो पुन्हा बिघडला. पडद्यावर खांद्याशी एक पांढरीशुभ्र चांदणी उमटली होती, चारी बाजूंना किरणं फुटलेली. फोटोवाल्यानं मामीच्या मनगटाकडे बोट दाखवलं. तिच्या हातात धातूचं एकच कडं होतं, लग्नातलं. स्कॅनच्या वाटेत धातू आला की असं होतं म्हणे. साबण लावून पाहिला, तेल लावून पाहिलं. तीस वर्षांत हात भरला होता, कडं काही निघेना. मामी पडदा बघून हसत सुटली. "घ्या! आता तुमच्या हाडातसुद्धा मीच चमकतेय."

मग फोटोवाल्यालाच युक्ती सुचली. त्या मशीनमध्ये निरनिराळ्या भाषांतले आवाज भरून ठेवायची सोय असते. त्यानं मामीला काचेमागच्या खोलीत बसवलं, पुढ्यात माईक ठेवला, आणि हातवारे करून तीन सूचना बोलायला लावल्या. नुसते तीन शब्द हवे होते. पण नवऱ्याला अशी कोरडी आज्ञा करायची तिला सवय कुठली! तिनं तोंड उघडलं आणि आलं ते असं:

"अहो, श्वास घ्या… थांबा, हलू नका… हं, सोडा आता."

झालं. मामा दगडासारखे पडून राहिले. फोटो एकदम स्वच्छ. मोठे डॉक्टर म्हणाले, डाग लहान आहे, एवढ्यात कापाकापी नको. वर्षानं पुन्हा स्कॅन करू. वाढला असेल तर मात्र थांबता येणार नाही.

वर्ष काही नीट गेलं नाही. चार महिन्यांनी मामी दुकानातच, टॉवेल पिळता पिळता खाली बसली, ती उठली नाही. मामा पुढच्या खोलीत गिऱ्हाइकाशी बोलत होते. बोलतच होते. टॉवेल का येत नाही म्हणून मागे गेले, तेव्हा टॉवेल अजून गरम होता.

कडं निघालं नाहीच. तिच्याबरोबरच गेलं.

त्यानंतर मामांच्या दुकानात कात्रीचा आवाज तेवढा राहिला. घरात मामीचे फोटो ढीगभर, पण आवाज? एकही नाही. दोघं दिवसभर एकाच दुकानात, रात्री एकाच घरात, फोन कुणी कुणाला करायचा? आवाज जपून ठेवायचा असतो हे कुणाच्या डोक्यात येतं, सांगा.

वर्ष भरलं. लेक म्हणाली, "बाबा, स्कॅनला जायचंय." मामा म्हणाले, "नाही जायचं." दुसरा महिना, तिसरा महिना, तेच. "डाग वाढू दे, नाहीतर कमी होऊ दे. मला काय त्याचं."

आणि मग आपले मास्तर त्याच दवाखान्यात जाऊन आले. हो हो, तेच, वरच्या मजल्यावरचे, बिनलग्नाचे. मामांनीच नाव सुचवलेलं. दाढीला बसले आणि म्हणाले, "अरे, गंमत सांगतो. ते मशीन चक्क आपल्या भाषेत बोलतं! कुणी बाई आहे. मला म्हणाली, अहो, श्वास घ्या. साठ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला अहो म्हणालं बघ!"

वस्तरा थांबला.

मामांनी मास्तरांची अर्धी दाढी तशीच ठेवली, आरशाकडे पाठ केली आणि लेकीला फोन लावला. "तिकिटं काढ."

आता त्या रात्रीकडे या. मंगळवार. दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. तळघराच्या त्या बोळात बापलेक सोडून कुणी नाही. पिवळी रेघ तीच, फोटोवालाही तोच. त्यानं मामांना ओळखलं, त्यांच्या मागे दोनदा पाहिलं, जोडीला कोण आलंय म्हणून. लेकीनं इंग्रजीत सांगितलं, आई गेली. त्यानं चष्मा काढून पुसला. 

मामांनी घड्याळ काढलं, पट्टा काढला, खिसे रिकामे केले. आडवे झाले. दार लागलं. लेक काचेमागे, फोटोवाल्याशेजारी.

फळी सरकली. आणि…

"अहो, श्वास घ्या."

मामा सांगत होते, इतकी जवळ होती म्हणाले, की तिनं बोलण्याआधी घोटलेला आवंढासुद्धा ऐकू आला.

"थांबा, हलू नका."

"हं, सोडा आता."

संपलं. उणेपुरे नऊ सेकंद.

मामांना समजलं, स्कॅन संपत आला. आता उठवतील. बाहेर काढतील. विमानात बसवतील. मशीन अजून थांबलं नव्हतं, तेवढ्यात त्यांनी मुद्दाम खांदा उडवला.

फोटो बिघडला. फोटोवाल्यानं परत लावला. परत ती बोलली. परत शेवटच्या क्षणी मामांनी मान वळवली. लेकीला वाटलं, बाबांना दुखतंय. फोटोवाल्याला काय वाटलं कोण जाणे. तो आत गेला, मामांच्या डोक्याशी उभा राहिला आणि एक बोट वर केलं. एकदाच. आता शेवटचं. ही किरणं काही चांगली नसतात, एका रात्रीत इतकी घ्यायची नसतात. यापुढे स्कॅन नाही. डाग दिसला तर दिसला.

मामांना भाषा आली नाही, बोट समजलं.

दार लागलं.

या खेपेलाही हलायचंच, असं मामांनी ठरवलं होतं. डाग दिसायलाच नको. दिसला नाही, तर पुन्हा यावं लागेल. पुढच्या महिन्यात, त्याच्या पुढच्या महिन्यात… ती आहे तोवर. माणूस असा असतो बघा. मरण परवडतं, पण…

जाऊ द्या. ऐका.

दिवा मंद झाला. फळी सरकली.

"अहो, श्वास घ्या."

मामांनी घेतला.

"थांबा, हलू नका."

मशीन गरगरायला लागलं. मामांनी डोळे मिटले. आता. आता हलायचं. डावा खांदा वर…

खांदा उचलेना.

वजन होतं.

आधी वाटलं, खांदा आखडला. मग तळवा कळला. मग बोटं. एक… दोन… चार. अंगठा मागे, मानेच्या बाजूला. दाबून. चुळबुळ्या पोराला ठेवावा तसा.

गार नाही हं. गार नव्हता.

गरम होता. ओला.

आत्ताच टॉवेल पिळून आल्यासारखा.

मामांनी डोळे उघडले नाहीत. उघडले असते तर… ते म्हणाले, उघडले असते तर गेला असता.

काचेपलीकडे लेक बघत होती. फळीवर बाबा. खोली रिकामी. पण बाबांचा डावा खांदा… उजव्यापेक्षा खाली. फळीत रुतल्यासारखा.

मशीन फिरत राहिलं.

बाबा हलले नाहीत.

"हं, सोडा आता."

…

मामांनी श्वास सोडला. वजन उचललं गेलं. हळूच. आधी बोटं. मग तळवा.

फोटोवाला पडद्याकडे बघत होता. मग काचेतून आत. मग परत पडद्याकडे. तो उठला, आत गेला. मामांचा खांदा चाचपला, कॉलर उलटून पाहिली, चादर झटकली, फळीखाली वाकून पाहिलं. काही नाही. परत येऊन लेकीला हळूच म्हणाला, "आत अजून कुणीतरी गेलं होतं का?"

तेच ते वाक्य. जिन्यात अर्धं राहिलेलं.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे इस्त्रीवाली खरं बोलली. थांबा. मामी कुठं अडकलेली नाही, आणि रोज रात्री हाकाही मारत नाही. लेकीनं त्याच रात्री फोटोवाल्याला विचारलं. त्यानं आवाजांची यादी उघडून दाखवली. त्यात एका ओळीसमोर मामीचाच आवाज, तिनं भरला त्या दिवसाची तारीख. बोट ठेवलं की बोलतो. लेकीनं मोबाइल पुढे धरला आणि नऊचे नऊ सेकंद उतरवून घेतले. त्याला साधं मागितलं असतं, तर पहिल्याच दिवशी मिळालं असतं. मामांना मागायची लाज वाटली. शंभर जणांशी बोलणारा माणूस, एवढं एक बोलता आलं नाही.

म्हणजे आवाजात भूतबीत काही नाही. दुकान बंद केल्यावर मामा मोबाइलवर तो रोज एकदा ऐकतात. एकदाच. शटर अर्धं खाली असतं, आपल्याला ऐकू येतं.

डागही वाढलेला नाही. तो शेवटचा स्कॅन इतका स्वच्छ आला, की मोठे डॉक्टर म्हणाले, आता दोन वर्षं येऊ नका. मामा ऐकून लहान पोरासारखे रडले. डॉक्टरांना वाटलं, आनंदानं.

राहिली ती फिल्म. दुकानात आरशामागे ठेवलेली असते, विचारलं तर दाखवतात. ट्यूबलाइटसमोर धरायची. ओळीनं मणके दिसतात, एकेका मणक्याला फोटोवाल्यानं बारीक अक्षरात नंबर घातलाय. डागाभोवती पेन्सिलीनं गोल आहे, शेजारी त्याचं माप लिहिलंय. चोख माणूस. खूण केली की शेजारी काहीतरी लिहिणारच.

वर, डाव्या खांद्याशी, अजून एक गोल आहे. आत एक पांढरी चांदणी. चारी बाजूंना किरणं फुटलेली.

त्या गोलाशेजारी त्यानं काहीच लिहिलेलं नाही.