काट्यावरचं नाव

जामखेडच्या स्टँडवर खर्ड्याची गाडी लागली तेव्हा राहीने खिडकीतून रुमाल टाकून रीतसर जागा धरली होती. पण हातातली बाजाची पेटी सांभाळत, कोपर खात आणि कोपर मारत ती आत पोचते तर काय, तिच्या रुमालावर एक काळी लोखंडी पेटी ऐसपैस बसलेली.

"ही कोणाची?"

"माझी," वरची दांडी धरून उभा असलेला एक उंच, सावळा तरुण म्हणाला. "तिचं तिकीट काढलंय."

"आणि खाली रुमाल आहे तो माझा."

"दिसला. घडी मोडू दिली नाही त्याची."

"टपावर टाका तिला."

"टपावर ती मरेल. टेपरेकॉर्डर आहे आत. तुमची टाका की."

"माझ्या पेटीत सूर आहेत. ते काय टपावर जगतील?"

तो हसला. हसला म्हणजे नुसते डोळे हसले... आणि राहीला उगाचच पदर सारखा करावासा वाटला. "मग असं करू," तो म्हणाला, "दोघींना बसू द्या. आपण राहू उभे."

आणि खर्ड्यापर्यंत तसंच झालं. बाकावर दोन पेट्या शेजारी-शेजारी बसल्या, आणि खड्डा आला की दोन माणसं दोन बाजूंनी त्यांना धरत राहिली. एकदा हाताला हात लागला. कोणी माफी मागितली नाही.

खिडकीबाहेर मात्र बघवत नव्हतं. त्र्याहत्तरचा जानेवारी, आणि ज्वारी उभी असायची तिथे नुसती ढेकळं. जनावरांचे तांडे छावणीकडे चाललेले, बरगड्या मोजून घ्याव्यात असे. देवळाली प्रवरेच्या कालव्याकाठी, उसाच्या सावलीत वाढलेल्या राहीने इतकं उघडं रान कधी पाहिलं नव्हतं.

नगरच्या एका संस्थेने दुष्काळी कामावरच्या तरुण पोरापोरींसाठी खर्ड्यात सहा आठवड्यांचं शिबिर काढलं होतं. सकाळी खडी फोडायची, दुपारी शाळेत येऊन शिकायचं, आणि शेवटी आपल्या गावाची दहा मिनिटांची फिल्म आपणच करायची. शिकवायला दोन पगारी कलावंत बोलावले होते. गाण्याला कलापथकातली गायिका राही कारभारी मुसमाडे, आणि कॅमेरा व ध्वनिमुद्रणाला पुण्याच्या स्टुडिओतला सहादेव ढाकणे. हे त्या दोघांना कळलं ते गाडीतून उतरून एकाच शाळेच्या फाटकात शिरताना. हसू फुटलं, पण लगेच विरलं. फाटकाशी टँकरभोवती बाया हंड्यांनी एकमेकींना ढकलत होत्या.

शिकवणं कसलं, ती परीक्षाच होती. पोरं येत ती दगडाच्या धुळीने पांढरी झालेली. पोटात परदेशातून आलेल्या मिलो ज्वारीची लाल भाकरी नाहीतर सरकारने वाटलेला सुकडीचा कोरडा खाऊ. पहिल्याच दिवशी वीस वर्षांच्या लंकाने पेटीवरून हात मागे घेतले.

"बाई, बोटं बसत न्हाईत पट्टीवर. घणानं सुजल्यात."

"मग गळ्याने गा," राही म्हणाली. "पेटी मी धरते." लंकाने गायला सुरुवात केली.

पलीकडच्या वर्गात सहादेव पोरांना यंत्र शिकवी. त्याची एक ठरलेली रीत होती. कोणाचाही आवाज घ्यायचा तर माइकपुढे बसवून तो म्हणे, "नाव सांगा, गाव सांगा, आज काय खाल्लं ते सांगा." तेवढ्यात यंत्रावरच्या काचेतला काटा हलायचा आणि तो बटण किती फिरवायचं ते वहीत लिहायचा. आवाज घेणं सुरू झालं की उजवा हात वर करायचा. हात वर, म्हणजे सगळे गप्प.

राहीने एकदा वहीत डोकावून पाहिलं. "लंका सात, आणि मी साडेपाचच?"

"लंकाचा आवाज वाढवून घ्यावा लागतो. तुमचा... येतो आपसूक."

रोज पाच आठवडे शिकवणीआधी राही त्या माइकपुढे बसे, पोरांना यंत्र शिकता यावं म्हणून. "राही कारभारी मुसमाडे. देवळाली प्रवरा. मिलोची भाकरी आणि मिरची." आणि रोज तो काट्याकडे असा बघे की पोरं एकमेकांना कोपरं मारत.

पाणी माणशी एक कळशी मिळायचं. धुळीने राहीचा घसा दुपारपर्यंत बसायचा. पण वर्गात यावं तर पेटीवर एक तांब्या झाकून ठेवलेला. कोण ठेवतं, कोणी सांगेना. चौथ्या दिवशी तिने सहादेवकडे नीट पाहिलं.

"दाढी वाढवलीत?"

"पुण्यात फॅशन आहे."

"आणि कपडे न धुण्याची?"

तो कॅमेऱ्यात डोकं घालून चावी फिरवू लागला. राहीने त्याच्या वाटचा तो तांब्या तोंडाला लावला. माणसावर जीव जडतो म्हणजे काय होतं, ते तिला त्या घोटाला कळलं.

"हा चावीचा कॅमेरा गिरणीसारखा घरघरतो," तो एकदा पोरं गेल्यावर म्हणाला. "म्हणून चित्र वेगळं घ्यायचं, आवाज वेगळा. मग पुण्याला नेऊन दोन्ही एका पट्टीवर आणायचे. आमच्या धंद्यात त्याला लग्न लावणं म्हणतात."

"आणि नाही लागलं तर?"

"तर चित्र मुकं राहतं. आणि आवाज—आंधळा."

"वाईटच की दोघांचं."

"वाईट," तो म्हणाला. मग थांबून, पुण्यात कमावलेली भाषा बाजूला ठेवून म्हणाला, "माझी आई, झुंबरबाई, तुमच्या देवळालीच्याच उसात कोयता चालवायची. मी फडात रांगलेला हाय, बाई. तुमच्या घरच्यांना—"

"मी काही विचारलं का तुम्हाला?"

"न्हाई."

"विचारीन तेव्हा सांगा." आणि ती पदर तोंडाला लावून बाहेर पडली, हसू दिसू नये म्हणून. असे ते दिवस होते. आजूबाजूला सगळं वाळून चाललं होतं, आणि ही दोघं बिनपाण्याची तरारली होती.

पाचव्या आठवड्यात पाझर तलावाच्या कामावर बायांची गाणी घ्यायला दोघं गेली. पुरुष जवळ असला की बाया लाजतात, म्हणून माइक बायांजवळ लिंबाखाली ठेवला, आणि लांब वायर सोडून सहादेव खाणीच्या अंगाला, एका खडकाच्या सावलीत यंत्र घेऊन बसला. बायांपासून लांब तेवढीच काय ती सावली होती. दुपारी बाया भाकरी खाऊन लवंडल्या. माइक चालू आहे हे विसरून राही एकटीच गुणगुणत होती, वडील काकड्याला गात ती चाल, अगदी ओठांतल्या ओठांत.

खाणीवर मुकादम पुंजारामने लाल फडकं दाखवून तीनदा शिट्टी मारली. सहादेवची पाठ तिकडे आणि कानांवर हेडफोन. पुंजारामने वाट पाहिली. तेवढ्यात सहादेवने हात वर केला. कळलं, असा त्याचा अर्थ मुकादमाने घेतला, आणि सुरुंग उडवला.

मोठा दगड कोणाला लागला नाही. धूळ बसली तेव्हा सहादेव यंत्रावर ओणवा पडलेला दिसला. उजव्या कानातून रक्ताची बारीक धार गळ्यापर्यंत आली होती. राही धावली, त्याला हाका मारत राहिली. तो तिच्या तोंडाकडे नुसता बघत होता.

कामावरच्या जीपने त्याला नगरला नेलं. चौथ्या दिवशी तो कानात कापूस घालून परत आला. "बरा आहे," म्हणाला, जरा मोठ्यानेच. पुंजाराम दिसेल त्याला सांगत फिरत होता, "मास्तरांनी हात केल्ता हो. म्या माझ्या डोळ्यांनी पाह्यला."

पण बरं काही नव्हतं. दोन दिवसांनी पोरांनी संस्थेच्या छोट्या यंत्रावर घेतलेला आवाज त्यावरच, सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला. सहादेव हेडफोन लावून, काट्यावर डोळे ठेवून ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "छान. स्वच्छ आलाय."

लंका हळूच म्हणाली, "मास्तर... कॅमेऱ्याची घरघर हाय की सगळीकडं."

त्याने ते ऐकलंच नाही. वहीत 'छान' असं लिहिलं.

वर्ग सुटल्यावर राही त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि खडू घेऊन फळ्यावर लिहिलं: 'किती ऐकू येतं?'

त्याने फळ्यावरचं वाचलं. "उजवा गेला. डावाही गेल्यातच जमा," तो म्हणाला. आवाज रिकाम्या वर्गात नको इतका मोठा घुमला, आणि त्याला ते समजत नव्हतं. "आत सारखी शिट्टी वाजती. डॉक्टर म्हणाले, सवय होईल. आवाज धरणाऱ्याला कान न्हाईत म्हटल्यावर माझं करायचं काय? परवा शेवटची गाणी घेतली की दुपारच्या गाडीनं जातो. तुमी काही बोलू नका. मला कळणार न्हाई."

राहीने लिहिलं: 'हात का वर केला?'

सहादेवने उठून स्वतःच्या बाहीने ते पुसलं आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं खडीवर गेलेली असताना राहीने सहादेवचं ते काळं यंत्र उघडलं. सुरुंगाच्या दिवसापासून त्यातल्या फितीला कोणी हात लावला नव्हता. बटणही तसंच होतं... साडेपाचवर नव्हे, शेवटाला, दहावर. तिने हेडफोन चढवले आणि लंकाने दाखवली होती तशी कळ दाबली.

आधी बायांची गाणी आली. मग बांगड्या, भाकरीचा तुकडा मोडल्याचा आवाज. मग ती स्वतः. ओठांतल्या ओठांतलं ते गुणगुणणं, पण इतकं जवळून की श्वास घेतलेला कळावा, घसा कोरडा पडलेला कळावा. आपल्याला असं कोणी कधी ऐकलं असेल असं तिला वाटलं नव्हतं. ती ओठ ओले करून पुन्हा सुरू झाली, आणि तिथेच, धडकन...

राहीने हेडफोन उपसून काढले. कान बधिर झाले होते, आणि हे तर फितीवरचं होतं. तो हात मुकादमाला नव्हता. राही गाते आहे, सगळे गप्प राहा, असा तो हात होता.

ती भिंतीला टेकून खूप रडली. रडून झाल्यावर तिने स्वतःला सरळ विचारलं, ही दया आहे का? नव्हती. दया सुरुंगानंतरची असती. हे त्या तांब्यापासूनचं होतं. देवळालीत काय गहजब होईल तेही तिला ठाऊक होतं. आई अन्न टाकील, भाऊ दार लावून घेतील. ते सगळं तिने मनात एकदा पुरतं पाहून घेतलं, आणि तोंड धुवायला पाणी नव्हतं म्हणून पदराने पुसलं.

शेवटच्या दिवशी सकाळी सगळे वर्गात जमले. सहादेवची वळकटी दाराशी बांधून ठेवलेली. पुंजारामही आला होता, दाराबाहेर उभा, शिट्टी मुठीत दाबून. त्या दिवसापासून त्याने ती तोंडाला लावली नव्हती.

सहादेव यंत्रापुढे बसला, सवयीने हेडफोन हातात घेतले, आणि थांबला. मग ते त्याने लंकाच्या डोक्यावर चढवले. "तू ऐक," तो म्हणाला. "मी काट्याकडे बघतो." पाच वर्षं कमावलेली विद्या त्याने अशी दिली. लंकाने मान खाली घातली.

राही माइकपुढे बसली.

"नाव सांगा," सहादेव म्हणाला. "गाव सांगा. आज काय खाल्लं ते सांगा."

राहीने एकदा त्याच्याकडे पाहिलं. तो काचेवर वाकलेला होता.

"राही सहादेव ढाकणे," ती म्हणाली.

लंकाचा हात तोंडावर गेला.

सहादेव काट्याकडे बघतच होता. पाच आठवडे रोज त्याने तिचं नाव त्या काचेत वाचलं होतं. राही म्हटलं की काटा अर्ध्यावर जायचा. मग कारभारी म्हणताना दोनदा ठसक्यात उसळायचा. आज मधे तो ठसका नव्हता. काटा एकदाच उंच गेला, आणि रेंगाळत खाली आला. त्याने काचेवर बोट मारून पाहिलं, यंत्र बिघडलंय का म्हणून. मग सावकाश मान वर केली.

"पुन्हा," तो म्हणाला.

ती पुन्हा म्हणाली. या वेळी त्याने काटाही पाहिला आणि ओठही पाहिले.

"मी बहिरा हाय, राही." त्याला वाटलं आपण हळू बोललो. दारातल्या पुंजारामपर्यंत गेलं. "आईची शपथ, मला तुझं गाणं आता... कधीच..."

राहीने मान हलवली. ठाऊक आहे, अशी. मग त्याच्या वहीकडे बोट दाखवलं.

त्याने वही ओढली. 'मुसमाडे बाई — साडेपाच' असं पहिल्या पानावर होतं. मुसमाडे बाई खोडून त्याने वर काहीतरी लिहिलं आणि वही तिच्यापुढे फिरवली, शाळेतला पोरगा पाटी दाखवतो तशी. तिने वाचलं, आणि सहा आठवड्यांत पहिल्यांदा सगळ्यांसमोर, पदर न लावता, हसली.

सहादेवने डोळे पुसले. काचेवर वाकला, बटण साडेपाचवर आणलं, आणि उजवा हात वर केला.

"काय म्हनत्यात मास्तर?" दारातून पुंजारामने घाबरत विचारलं. "ह्यो हात कशाचा?"

"गप ऱ्हावा, मुकादम," लंका म्हणाली. "बाई गात्यात."